अण्णा मेल पाठवत नाहीत

आमचं घर चिकलठाण्यात, विमानतळाच्या इतकं जवळ की विमान उतरताना आई बोलायची थांबते आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू करते. त्यामुळं मी देश सोडला त्या दिवशी विमानतळावर जायला फार काही करावं लागलं नाही. दोन रिक्षा केल्या. एकीत मी आणि अण्णा, दुसरीत आई, माझी दुसऱ्या इयत्तेतली मुलगी सई आणि बॅगा. बॅगांना मी आकडे चिकटवले होते आणि कोणत्या बॅगेत काय आहे त्याची यादी पर्समध्ये होती. तरी अण्णांनी प्रत्येक कुलूप एकदा ओढून पाहिलं.

आई रिक्षातून उतरलीच नाही. “म्या उतरले की रडीन, मग ही पोरगी रडंल, मग विमान चुकंल,” हे तिनं घरीच जाहीर केलं होतं. अण्णा तेवढे दारापर्यंत आले. पहारेकऱ्यानं तिकिटं पाहून मला आणि सईला आत सोडलं, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

“पोचलीस की मेल लिही, बाई. पण पाठवू नको. नुसता ठेवून दे.”

बाई म्हणजे मीच. आमच्याकडं मुलीला लाडानं बाईच म्हणतात. माझ्यामागं रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी अण्णांकडं जरा विचित्र नजरेनं पाहिलं. मला मात्र त्या वाक्यात काही चमत्कारिक वाटलं नाही. आमचं तसं ठरलेलंच होतं.

जे माझ्यासारखे निघून गेले आणि जे मागं राहिले, त्या दोघांनाही उपयोगी पडेल म्हणून हे लिहिते आहे. त्यात थोडी तांत्रिक माहितीही येईल. ती टाळून हे सांगता येणार नाही.

अण्णा मूळचे पाचोडचे, शेतकऱ्याच्या घरातले. नोकरी मात्र सगळी तहसील कचेरीत गेली, शेवटची बरीच वर्षं खुलताबादला. रोज एस.टी.नं घाट चढायचा, संध्याकाळी उतरायचा. कचेरीची एक रीत त्यांच्या अंगात मुरली होती. पत्र कधी थेट रवाना होत नसतं. आधी कारकून मसुदा करतो, फाइल वर जाते, साहेब खाली टिपणी लिहितात, फाइल परत येते, कारकून त्याच्याखाली आपली टिपणी लिहितो. कागद तोच राहतो, मजकूर खाली खाली वाढत जातो. अण्णांच्या मते जगातली निम्मी भांडणं घाईनं रवाना केलेल्या पत्रांमुळं होतात. उरलेल्या निम्म्यांबद्दल त्यांनी कधी काही सांगितलं नाही, पण आई त्या वेळी आत भांडी जरा जोरात ठेवायची.

निघण्याआधी मी त्यांना जालना रोडवरच्या रफिकभाईंच्या इंटरनेट कॅफेत नेलं आणि खातं उघडून दिलं. सराव म्हणून अण्णांनी पहिला मेल मलाच लिहिला, बटण दाबून पाठवला, आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की आईचा निरोप लिहायचा राहिला.

“परत बोलवा त्याला,” ते म्हणाले.

रफिकभाई हसले. “गया सो गया साब. वो अब वापस नै आता.”

अण्णांना हे अजिबात पटलं नाही. गेलेलं पत्र परत मागवता येत नसेल तर ती कसली व्यवस्था? मग त्यांना पडद्याच्या डाव्या बाजूला ‘ड्राफ्ट्स’ दिसलं. हे काय, विचारलं. मसुदे, मी म्हटलं. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू परक्या गावात ओळखीचा माणूस भेटला.

“हे खातं तू जर्मनीत बसून उघडू शकतीस?”

“हो.”

“ह्याच पासवर्डनं?”

“हो, अण्णा.”

“मग पाठवायचं कशाला? मसुदा इथं ठेवतो. तू तिथं उघड, वाच, खाली तुझी टिपणी लिही आन् ठेवून दे. मी येऊन बघीन.”

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. “साब, सेंड दबाने के पैसे नै लगते!”

“पैशाचा सवाल नाय रफिकमियाँ. शिस्तीचा हाय.”

तेव्हापासून आम्ही बापलेकींनी एकमेकांना एकही मेल पाठवला नाही. एकच खातं, एकच पासवर्ड, आणि मसुद्यांचा तो कप्पा. दर महिन्याला अण्णा नवा मसुदा उघडत. विषयाच्या जागी महिन्याचं नाव आणि पुढं ‘संकीर्ण’. त्यात सगळं यायचं. आपलं लिहून झालं की ते खाली चार-सहा ओळी मोकळ्या सोडत, माझ्या टिपणीसाठी. मी सांगून पाहिलं की संगणकात जागा सोडावी लागत नाही, आपोआप होते. त्यांनी पुढच्या वेळी आणखी दोन ओळी जास्त सोडल्या.

जर्मनीत आमचं गाव लहान. माझा नवरा मुकुंद तिथल्या कारखान्यात आधीच रुजू झाला होता. मी इकडं चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमध्ये खरेदीचं सगळं काम एकटीनं पाहत होते. पुरवठादार मला वचकून असत. तिकडं गेले आणि एकदम मुकी झाले. दुकानात जिऱ्याला काय म्हणतात ते येईना. डॉक्टरकडं जायचं तर आधी ‘टर्मिन’ घ्यायची, म्हणजे वेळ ठरवायची, आणि त्यासाठी फोनवर बोलायचं. फोन वाजला तर मी उचलायचीच नाही. रोज सकाळी सई शाळेत गेली की मी कॉफी घेऊन बसायची आणि ते वेबमेलचं पान उघडायची.

“गव्हाला किडे झाले होते, गच्चीवर उन्हात घातला,” अण्णांनी लिहिलेलं असायचं. “तुझी आई विचारते, तिकडे ऊन असते का. कळवावे.”

मी खाली लिहायची, “ऊन असतं, पण त्याला ऊब नसते.”

दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली: “आई म्हणते, मग ते ऊन नव्हे. नोंद घेतली.”

एकदा मी लिहिलं की आज दुकानातून रिकाम्या हातानं परत आले, हवं ते मागता आलं नाही, आणि इथं मला कोणी ओळखत नाही. अण्णांची टिपणी अशी होती: “खुलताबादला बदली झाली तेव्हा सुरुवातीला मला कोणी चहाला विचारत नव्हते. मग मीच सगळ्यांना चहा सांगितला. विचार व्हावा.” मी विचार केला. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना चहाला बोलावलं. त्या आल्या, वेलदोड्याच्या चहाला नाक मुरडलं, पण येत राहिल्या. त्यांनीच मला त्यांची भाषा शिकवली. आज मी तिथल्या एका शाळेचं कार्यालय सांभाळते आणि फोनवर लोकांना टर्मिन देते. त्या चहाच्या मुळाशी अण्णांची ती टिपणी आहे.

पुढं रफिकभाईंचं कॅफे बंद झालं. जाताना त्यांनी स्वतःहून अण्णांच्या घरी संगणक बसवून दिला, मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड शोधून आणला, आणि दारातून म्हणाले, “साब, मेरा एकीच अरमान रह गया. एक बार सेंड दबाते.” अण्णांनी त्यांना चहा दिला, सेंड नाही.

मागच्या दिवाळीनंतर अण्णांना अर्धांगाचा झटका आला. मी धावत आले. जीव वाचला, त्यासाठी मी दवाखान्यातल्या सगळ्यांची कायमची ऋणी आहे. पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, समज पूर्ण शाबूत आहे, फक्त जीभ वळत नाही. उरलं ते ‘हं’, ‘नाय’ आणि ‘बरं’. मी रजा संपल्यावर परत गेले.

मग मसुद्यात नवं काही येईना. शेवटचा मजकूर झटक्याच्या आदल्या दिवशीचा होता: “गच्चीवरच्या टाकीचा कॉक गळतो आहे. प्लंबरला निरोप दिला. सविस्तर उद्या.” खाली मोकळ्या ओळी. मी त्यात काही लिहिलं नाही. रोज सकाळी उघडायची, वाचायची आणि बंद करायची.

तुम्ही म्हणाल, व्हिडिओ कॉल करायचा. केला. अण्णांना आपलं वाकडं झालेलं तोंड दाखवायचं नसतं. फोन समोर आला की ते मान फिरवतात. मोबाइलवर लिहायचं तर अक्षरं बारीक आणि डावं बोट भलतीकडं पडतं. त्यांच्या सवयीचं होतं ते मोठ्या कीबोर्डाचं मशीन. पण वेबमेल आता पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. दर थोड्या दिवसांनी ते बाहेर काढायचं, पुन्हा पासवर्ड मागायचं, सिग्नलचे फोटो ओळखायला लावायचं आणि आईच्या मोबाइलवर ओटीपी धाडायचं.

“मेला तो ओटीपी,” आई फोनवर म्हणाली. “चष्मा सापडंस्तोवर शिळा व्हतो. त्ये बसतात खुर्चीत, बघतात, आन् उठून जातात. लई वाईट वाटतं गं.”

म्हणजे त्यांना लिहायचं होतं. दाराशी येऊन परत जात होते. बोलता येत नाही, आणि लिहायची जागा कुलपात. मी रजेचा अर्ज टाकला, तिकीट काढलं आणि कामाच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं: अण्णांना आत सोडणं.

उपाय मला कार्यालयातल्या सवयीनं माहीत होता. वेबमेल म्हणजे ब्राउझरमध्ये पान उघडून दर वेळी ओळख पटवून पाहायचा मेल. तेच खातं संगणकावरच्या मेलच्या प्रोग्रामला एकदा नीट जोडून दिलं की तो स्वतः आत जातो. माणसाला पुन्हा पुन्हा काही विचारत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. इंटरनेट गेलं तरी जुनं वाचता येतं.

घरी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी मी बसले. अण्णा शेजारी खुर्ची ओढून, आई दारात पीठ मळत. नेहमीचा पासवर्ड प्रोग्राम घेईना. मी हट्टानं बऱ्याचदा टाकून पाहिला. मग आठवलं की अशा खात्यांना प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड वेबसाइटवरून तयार करून घ्यावा लागतो. तो केला. पुढं विचारलं, पॉप की आयमॅप? पॉप वर होतं, मी पॉप निवडलं. जोडलं गेलं. इनबॉक्समध्ये धडाधड मेल उतरले: बँकेच्या जाहिराती, विम्याच्या जाहिराती, कुणा परक्या काकांना आलेली लग्नपत्रिका.

मी ‘ड्राफ्ट्स’ उघडलं. आत काहीच नव्हतं.

अण्णांनी डावं बोट पडद्यावर ठेवलं. माझ्याकडं पाहून एकच शब्द काढला. “नाय?”

मी घाईघाईनं वेबमेलचं पान उघडलं, खरं काय ते पाहायला. तिथं सूचना: चुकीचे प्रयत्न फार झाले, सुरक्षेसाठी खातं तात्पुरतं बंद. फोनवरून पाहिलं, तेच. एवढ्या वर्षांचं सगळं बोलणं, आणि आता तर दुसरं बोलणं उरलेलंही नाही. अण्णा भिंतीला धरून उठले आणि पलंगावर तोंड फिरवून पडले.

आई पिठाचे हात तसेच घेऊन आत आली. “तुला कुनी सांगितलं व्हतं हात लावाय? चालू व्हतं ते बरं व्हतं.”

“चालू कुठं होतं, आई? बंदच होतं.”

“बंद व्हतं, पर व्हतं तर!”

मी उठून गच्चीवर गेले. मुकुंदला फोन लावला. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “पॉप लावलंस की आयमॅप?”

“पॉप.”

“मग काही गेलेलं नाही. पॉप म्हणजे पोस्टमन समज. दारातली टपालपेटी उघडतो, तेवढं आणून देतो. घरातलं कपाट त्याला माहीतच नसतं. अण्णांचं सगळं कपाटात आहे. आयमॅप लाव. ते कपाट हलवत नाही, आहे तसं दाखवतं.”

“नक्की?”

“अगं, अण्णांनी कधी काही टपालात टाकलंय का? मग पोस्टमनला मिळणार कुठून?”

मी हे अण्णांना जाऊन सांगितलं. ते हलले नाहीत. रात्री जेवले नीट, पण संगणकाकडं पाहिलं नाही. मी यादीत दुसऱ्या दिवसाची कामं लिहिली आणि आईनं ती वाचून विचारलं, “देवाला नवस बोलायचं कुठं लिवलंय?” मी तेही लिहिलं.

सकाळी खातं उघडं झालं होतं. जुनी जोडणी काढली, नव्यानं आयमॅप निवडलं. एक कप्पा दिसला, मग दुसरा, मग ‘ड्राफ्ट्स’, आणि त्याच्या पुढं आकडा वाढायला लागला. मी हाक मारायच्या आधीच अण्णा मागं येऊन उभे होते. महिने एकामागून एक उतरत होते: नोव्हेंबर संकीर्ण, ऑक्टोबर संकीर्ण, सप्टेंबर संकीर्ण. मागं मागं जात त्या पहिल्या हिवाळ्यापर्यंत. अण्णा खुर्चीत बसले, डाव्या हातानं माउस धरला आणि वाचायला लागले. उन्हाच्या मजकुराशी आले तेव्हा त्यांचे खांदे हलले. हसत होते. आईनं चष्मा शोधून आणला, वाकून वाचलं आणि म्हणाली, “बरूबर हाय. ते ऊन नव्हंच.”

त्या क्षणी मला त्यांच्या हट्टाचं मोल कळलं. आम्ही सगळे त्या सवयीला हसत आलो. पण अण्णांनी मेल पाठवले असते तर पुढं ते जर्मनीतल्या माझ्या पहिल्या नोकरीच्या पत्त्यावर आले असते, आणि ती नोकरी सुटली त्याबरोबर तो पत्ताही गेला. माझ्या टिपण्या एकीकडं, त्यांचा मजकूर दुसरीकडं झाला असता. न पाठवल्यामुळं सगळं एका जागी, क्रमानं, प्रश्नाखाली उत्तर असं टिकलं.

एक गोष्ट मी दोनदा तपासली, तुम्हीही तपासा. लिहिलेला मसुदा कुठं ठेवायचा हे प्रोग्रामला सांगावं लागतं. ‘याच संगणकावर’ राहिलं तर अण्णांचं लिहिणं चिकलठाण्यातच राहील आणि मला कधी दिसणार नाही. ते खात्यावर ठेवायची खूण केली. ‘चाचणी’ असा एक मसुदा ठेवला, मुकुंदनं तिकडून “दिसली” म्हणून सांगितलं. अक्षर मोठं केलं. मशीन सुरू होताच प्रोग्राम आपोआप उघडेल असं करून ठेवलं. आईचं काम एकच: बटण दाबणं.

मी तिथं होते तोवर अण्णांनी एक अक्षरही लिहिलं नाही. मी विचारलं नाही. समोर बसलेल्या माणसाला कोणी टिपणी लिहीत नाही.

निघायच्या दिवशी तिकिटावर गावाचं नवं नाव होतं, रिक्षावाला जुनंच म्हणत होता, आणि विमानतळ तेवढाच जवळ होता. या वेळी अण्णा घराच्या दारापर्यंतच आले. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, “पोचले की लिहिते. पाठवत नाही.”

“बरं,” अण्णा म्हणाले.

पोचल्यावर नव्या मसुद्यात लिहिलं. वाचलं गेलं की नाही कळायला मार्ग नव्हता. रोज सकाळी कॉफी, संगणक, तोच कॉक, तेच ‘सविस्तर उद्या’. शाळेत लोकांना टर्मिन देताना मनात एकच: अण्णांना खुर्चीपर्यंत पोचवलं, पुढचं त्यांचं त्यांना करू दे.

पूर्वी मला कोणी घर कुठं म्हणून विचारलं की मी दोन पत्ते सांगायची, आणि दोन्ही सांगताना थोडी अपुरी वाटायची. आता तसं होत नाही. तिकडं सईनं नोकरी धरली, इकडं आईनं गच्चीवर जाणं सोडलं. दोन्हीकडं दिवस पुढं सरकतात आणि मी दोन्हीकडं थोडी उशिरा पोचते. पण एक जागा अशी आहे जिथं मी कधी उशिरा पोचत नाही, कारण तिथं कोणीतरी माझ्यासाठी ओळी मोकळ्या सोडलेल्या असतात. या नशिबाबद्दल मी कोणाकोणाचे आभार मानू? रफिकभाईंचे, मुकुंदचे, खुलताबादच्या त्या फाइलींचे, ओटीपीशी भांडणाऱ्या आईचे. यादी मोठी होते आहे.

एका सोमवारी सकाळी तो जुना मसुदा ठळक अक्षरांत दिसला. ‘सविस्तर उद्या’च्या खाली लिहिलं होतं:

“वरील विषयास अनुसरून. कॉक अजून गळतो. डाव्या हाताने लिहिले आहे, चुका पोटात घालाव्यात.”

मला अक्षरं दिसेनात, म्हणून आधी चष्मा पुसला. मग खाली लिहिलं: “वाचलं. वॉशर बदलत बसू नका, अख्खा कॉकच नवा बसवा.”

मंगळवारी त्याच्याखाली उत्तर होतं:

“आई म्हणते, ती पहिल्यापासून हेच सांगते आहे. नोंद घेतली. प्लंबर उद्या येतो. तुझ्या टिपणीसाठी खाली जागा सोडली आहे.”